दोन नॅनोसेकंद वाचवायचे, की बाकीच्यांसारखं लिहायचं? (लिनक्स कर्नल)

रिंगवाली
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

बाणेरला एका कंपनीत नेटवर्क कार्डाच्या लिनक्स ड्रायव्हरवर (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि कार्ड यांच्यातला दुवा) काम करते. कार्ड आणि ड्रायव्हर यांच्यात पॅकेटांसाठी एक गोल रांग असते, तिला रिंग म्हणतात. एक पॅकेट उचललं की पुढच्या घरात जायचं आणि शेवटचं घर संपलं की परत शून्यावर यायचं. आमच्या ड्रायव्हरमध्ये हे काम बारा ठिकाणी होतं आणि बाराही ठिकाणी एकाच पद्धतीनं लिहिलेलं आहे: क्रमांक एकनं वाढवा, तो एकूण घरांइतका झाला का बघा, झाला असेल तर शून्य करा.

त्यातलं सगळ्यात तापलेलं ठिकाण, म्हणजे पॅकेट आत घेणारा लूप, मी बदलला. आमच्या रिंगला ५१२ घरं, म्हणजे दोनाचा घात. तुलना न करता क्रमांकाला ५११ नं मास्क केलं, म्हणजे बायनरीत ५११ मध्ये एक असलेले तेवढेच बिट ठेवले, की तो आपोआप गोल फिरतो. एक तुलना वाचली.

आमच्या सीनियरनी पॅच (म्हणजे माझा हा बदल) परत पाठवला. म्हणाले, "अकरा ठिकाणी एक आणि इथे दुसरं, हे मी घेणार नाही. वाचणाऱ्याला उगीच वाटेल की इथे काहीतरी वेगळं आहे."

मला हे पटत नाहीये. १० गिगाबिटच्या वायरवर सगळ्यात लहान पॅकेटं पूर्ण वेगानं आली तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार येतात. एका पॅकेटच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद, म्हणजे ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर जेमतेम २०० सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके). १०० गिगाबिटला तर ६.७ नॅनोसेकंदच. अशा ठिकाणी एकेक सायकल मोलाची असताना "सगळीकडे सारखं दिसलं पाहिजे" हे कारण पुरेसं आहे का? तुमच्याकडे काय करतात?

पेठेतला_पंत
धागा आवडला. आकडे काय आले ते आधी सांगा, मग बोलू.

रिंगवाली
@पंत, ६४ बाइटच्या पॅकेटांवर दहा वेळा चालवलं. सरासरी ०.६ टक्के फायदा.

पेठेतला_पंत
आणि त्या दहा वेळांत आपापसांत फरक किती होता?

रिंगवाली
साधारण तेवढाच. :(

सिंहगड_पायवाट
ताई, मग तो फायदा अजून सिद्ध झालेला नाही. खोटा आहे असंही म्हणत नाही, माहीत नाही एवढंच.

मी याच दलदलीत दोन महिने घालवलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिलं म्हणजे टर्बो (प्रोसेसरनं आपोआप वेग वाढवणं) बंद करा आणि फ्रीक्वेन्सी एका जागी बांधून ठेवा. नाहीतर सकाळी एसी सुरू असतानाचे आकडे आणि दुपारचे आकडे वेगळे येतात, आणि आपण श्रेय पॅचला देतो. दुसरं, इंटरप्ट (कार्डानं प्रोसेसरला मारलेली हाक) कुठल्या कोअरवर येतो ते पक्कं करा. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: जुना दहा वेळा आणि मग नवा दहा वेळा असं करू नका. जुना, नवा, जुना, नवा असं आळीपाळीनं चालवा.

अजून एक गोष्ट आहे, ती फार जणांना माहीत नसते. कुठल्याही फंक्शनमध्ये प्रोसेसरला दिलेल्या दोन सूचना कमी झाल्या की त्याच्या पुढचा सगळा कोड मेमरीत थोडा सरकतो. एखादा लूप कॅश लाइनच्या (कॅश म्हणजे प्रोसेसरजवळची जलद मेमरी, तिचा एक तुकडा) सीमेवरून आत येतो किंवा बाहेर जातो. एवढ्यानंसुद्धा अर्धा-एक टक्का हलतो. तो तुमच्या मास्कचा गुण नसतो, जागेचा असतो. मी एकदा लूपच्या आधी काहीच न करणाऱ्या सूचना भरल्या आणि तेवढाच "फायदा" मिळवून दाखवला. त्या दिवसापासून एक टक्क्याच्या आतल्या आकड्यावर मी लगेच विश्वास ठेवत नाही.

गवती_चहा
सिंहगड_पायवाट यांना +१.

यावरून लिनक्समधलाच २०११ चा प्रसंग आठवला. कर्नलमध्ये लिंक्ड लिस्टवर (एकाला एक जोडलेल्या नोडांची यादी) फिरण्याचे जे मॅक्रो (एकदा लिहून सगळीकडे वापरायचे कोडचे तुकडे) आहेत, त्यांत पूर्वी प्रीफेच असायचं. म्हणजे आत्ताच्या नोडवर काम चालू असतानाच पुढचा नोड कॅशमध्ये मागवून ठेवायचा. कागदावर बिनतोड कल्पना, आणि कितीतरी वर्षं तशीच राहिली. मग कुणीतरी नीट मोजलं. हॅश टेबलमधल्या याद्या बहुतेक वेळा एक-दोन नोडच्या असतात, त्यामुळे पुढचा नोड म्हणजे बहुधा नल, म्हणजे काहीच नाही. त्या नल पत्त्याचं प्रीफेच करताना टीएलबी मिस (पत्त्यांच्या कॅशमध्ये तो पत्ता न सापडणं) व्हायचा, आणि तो फुकट नसतो. आधीच बांधून झालेल्या कर्नलवर नुसतं मेक (बांधणीची आज्ञा) चालवलं तरी त्यापायी एक टक्क्यापर्यंत उशीर होत होता. लिनक्सचे जनक टॉरवाल्ड्स यांनी ते काढून टाकलं. आजचे प्रोसेसर पुढचं काय लागेल ते स्वतःच बऱ्यापैकी ओळखतात.

मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की ते प्रीफेच एका मॅक्रोत होतं, म्हणून एका ठिकाणी काढता आलं. शंभर ड्रायव्हरांत शंभर जणांनी हातानं लिहिलं असतं, तर आजही त्यातलं निम्मं तिथेच असतं.

हिंजवडी_फेज_३
मी थोडा विरुद्ध बाजूनं बोलतो. सगळेच "मोजा, मोजा" म्हणतायत ते बरोबर आहे, पण त्याआडून एक आळसही शिरतो. "एवढ्याशानं काय होतंय" म्हणत म्हणत कोड जड होत जातो, आणि नंतर कुठलं एक ठिकाण दोषी म्हणून दाखवताच येत नाही. थेंबे थेंबे तळे साचे हे दोन्ही बाजूंनी खरं आहे.

दाखला देतो. २०२४ मध्ये खुद्द टॉरवाल्ड्स यांनी कॉपी-फ्रॉम-यूजरमधला (वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅममधून कर्नलमध्ये डेटा आणणारं फंक्शन) स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीसाठीचा अडथळा काढून त्याजागी पत्त्यावर मास्क लावण्याची पद्धत घेतली. जेमतेम एकवीस ओळींचा पॅच, एका बेंचमार्कवर २.६ टक्के फायदा. त्याच वर्षी आलेल्या कर्नल ६.८ मध्ये नेटवर्किंगच्या मुख्य स्ट्रक्चरमधली फील्ड नुसती इकडची तिकडे केली, एकत्र लागणारी एका कॅश लाइनवर आणली. खूप कनेक्शन असताना टीसीपीला ४० टक्क्यांपर्यंत फायदा झाल्याचं तेव्हा नोंदवलंय. कुणी "आहे ते बरं आहे" म्हणून बसलं असतं तर?

रिंगवालीताई, तुमची तळमळ योग्य आहे. सोडू नका.

चकली_आणि_कॉफी
@हिंजवडी, दाखले उत्तम आहेत, पण ते दोन्ही माझ्या बाजूनं बोलतात की हो.

कॉपी-फ्रॉम-यूजर एकाच जागी लिहिलेलं आहे. तिथे बदललं की त्याला हाक मारणाऱ्या सगळ्यांना फायदा मिळतो, आणि हाक मारणाऱ्या कोडमध्ये एक अक्षर बदलत नाही. स्ट्रक्चरच्या फेरमांडणीत तर त्यांनी कुठलं फील्ड कुठल्या वाटेवर वाचलं जातं याचे तक्ते बनवून कर्नलच्या दस्तऐवजांत ठेवले, म्हणजे उद्या येणारा माणूस नवं फील्ड कुठेही कोंबणार नाही. वेगही आला आणि शिस्तही वाढली.

ताईंचा पॅच तसा नाही. तो बारातल्या एकाला वेगळा करतो.

आणि ताई, एक प्रश्न. रिंग ५१२ घरांची आहे हे ठरवतं कोण? इथटूलनं (नेटवर्क कार्डाच्या सेटिंगचं साधन) वापरणाऱ्याला रिंगचा आकार बदलता येतो ना तुमच्या कार्डवर? त्यानं १००० दिला तर?

रिंगवाली
@चकली, बघून सांगते. मला वाटतं आम्ही तो वर ओढून दोनाच्या घातावर नेतो.

बोपोडी_लोकल
मी दुसऱ्या वर्षाला आहे, सीओईपीत. बरंचसं डोक्यावरून जातंय पण वाचायला मजा येतेय. कर्नलमध्ये अटींभोवती लाइकली (बहुधा होईल) आणि अनलाइकली (बहुधा होणार नाही) सगळीकडे दिसतं, ते पण असंच छोटं ऑप्टिमायझेशन का? त्यानं प्रोसेसरला नक्की काय कळतं?

गवती_चहा
@बोपोडी_लोकल, छान प्रश्न.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमृततुल्यवाला रोजच्या गिऱ्हाइकाला लांबून येताना बघतो आणि विचारायच्या आधीच कपात चहा ओततो. हे झालं ब्रँच प्रेडिक्शन, म्हणजे कोड पुढे कुठल्या फांदीला वळणार याचा अंदाज. ते प्रोसेसर स्वतः करतो, मागच्या अनुभवावरून. अंदाज चुकला तर ओतलेलं परत, आणि दहा-वीस सायकल वाया.

लाइकली आणि अनलाइकली हा संदेश मुख्यतः कंपायलरला असतो. दुकानाची मांडणी ठरवण्यासाठी म्हण. रोज लागणारं दूध, साखर, आलं हाताशी. वर्षातून दोनदा लागणारी गोष्ट मागच्या फडताळात. कंपायलर नेहमीचा रस्ता सरळ एका ओळीत ठेवतो आणि क्वचितचा दूर नेऊन टाकतो, म्हणजे सूचनांच्या कॅशमध्ये कामाचंच भरतं.

पण लिहिणाऱ्याचा अंदाज चुकला तर मांडणीच उलटी होते. म्हणून खुणा केलेल्या फांद्या खरंच तशा वळतात का हे मोजायची सोय कर्नलमध्येच आहे, एक कॉन्फिग पर्याय चालू करावा लागतो.

सिंहगड_पायवाट
भर घालतो. नवीन मंडळी हटकून करतात ती गोष्ट: इझ-एररच्या (चूक परत आली का ते बघणारं फंक्शन) तपासणीभोवती अनलाइकली. इझ-एररच्या आतच अनलाइकली आहे! बाहेर पुन्हा लावून पदरात काही पडत नाही, वाचणारा मात्र थबकतो.

पाषाण_तळं
अवांतर: चकलीबरोबर कॉफी? भाजणीच्या चकलीला चहाच हवा.

चकली_आणि_कॉफी
@पाषाण, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

पंचिंग_कार्ड
मी वयानं बराच मोठा आहे, त्यामुळे थोडं जुनं सांगतो. पुण्यात सी-डॅकचा परम ८००० हा महासंगणक आला १९९१ साली, तेव्हा आम्ही कॉलेजातून नुकते बाहेर पडलो होतो. ट्रान्सप्युटर (त्यातले प्रोसेसर) हा शब्द उच्चारतानासुद्धा छाती फुगायची. मी पुढे एका युनिक्सच्या कर्नलवर बरीच वर्षं काम केलं. त्या कोडमध्ये जिथे तिथे 'रजिस्टर' लिहिलेलं असायचं. व्हेरिएबल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या जागेत ठेव, असं कंपायलरला सांगणं. त्या काळी त्यानं खरोखर वेग यायचा, मी स्वतः पाहिलाय. आम्ही सगळे मन लावून ठरवायचो की कुठली चार व्हेरिएबलं या मानाची.

दहा वर्षांत कंपायलर आमच्यापेक्षा चांगलं ठरवायला लागले आणि त्या शब्दाकडे दुर्लक्ष करू लागले. कोडमध्ये शब्द तसाच राहिला. नवीन मुलं विचारायची, "सर, इथे रजिस्टर आहे आणि तिथे नाही, काही कारण आहे का?" कारण असायचं ते पंधरा वर्षांपूर्वीच्या एका प्रोसेसरचं. तो प्रोसेसर भंगारात गेला होता.

असंच एक्सफ्रीएटीसिक्सचं (युनिक्सवर पडद्यावरच्या खिडक्या आणि चित्रं दाखवणारा सर्व्हर). तिथे लूप उलगडून लिहायची डफ्स डिव्हाइस नावाची युक्ती खूप ठिकाणी होती. ४.० मध्ये ती काढली तर सर्व्हर लहान झालाच, शिवाय वेगही वाढला. प्रोसेसरची कॅश आली आणि जी युक्ती वेगाची होती तीच ओझं झाली.

रिंगवाली, बाळ, तू आज केलेली बचत आजच्या यंत्रावर आहे. कोड वीस वर्षं राहणार आहे. त्याचं कारण शेजारी लिहून ठेवलंस का, हे मी तुझ्या सीनियरच्या जागी आधी विचारलं असतं.

कॉमिट_करणारी_काकू
पंचिंग_कार्ड काका, प्रतिसाद फार आवडला.

एकसारखेपणाचा मला कळलेला सगळ्यात मोठा फायदा अजून कुणी लिहिला नाही म्हणून लिहिते. तो दिसण्याचा नाही, यंत्रानं बदलता येण्याचा आहे. कॉक्सिनेल नावाचं साधन आहे, ज्युलिया लॉवल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं. फ्रेंचमध्ये कॉक्सिनेल म्हणजे तो लाल पाठीवर काळे ठिपके असलेला किडा, जो दुसरे किडे खातो. "असा कोड दिसला तर त्याचा तसा कर" हा नियम एकदा लिहायचा, आणि ते सगळ्या कर्नलभर बदल करून देतं. २०१८ मध्ये मेमरी मागताना आत हातानं केलेले गुणाकार असेच शोधून सुरक्षित फंक्शनांत बदलले गेले. गुणाकार ओव्हरफ्लो झाला (ठरलेल्या जागेत मावला नाही) तर मागितली त्याहून कमी मेमरी मिळते आणि तिथून भोकं पडतात. त्या फंक्शनांत ओव्हरफ्लोची एक जादा तपासणी आहे, पण ती कुणाला जड गेल्याचं मी ऐकलं नाही.

आता माझी गोष्ट. २०१७ मध्ये टायमर सुरू करायची पद्धत कर्नलभर बदलली. बहुतेक ठिकाणी साधनानं बदललं, उरलेलं लोकांनी हातानं. मी तेव्हा जिथे होते तिथल्या ड्रायव्हरची एक प्रत आम्ही कर्नलच्या बाहेर सांभाळत होतो. त्यात कुणीतरी फार पूर्वी एक फंक्शन कॉल वाचवण्यासाठी टायमरची फील्ड थेट हातानं भरली होती. आमच्या नियमांत तो आकार बसलाच नाही, म्हणून ते ठिकाण सापडलं नाही. कास्ट मारलेला (प्रकार जबरदस्तीनं बदललेला) असल्यानं कंपायलरनंही हूं की चूं केलं नाही. टायमर वाजला तेव्हा फंक्शनला भलताच पॉइंटर मिळाला.

रात्री दोनला फोन. गिऱ्हाइकाची स्टोरेजची यंत्रं एकामागून एक पडत होती. चांदणी चौकातून भर पावसात गाडी घालून ऑफिसला गेले, फोन आल्यापासून अकराव्या तासाला, दुपारी, कारण सापडलं. एका फंक्शन कॉलची बचत, तीही अशा टायमरमध्ये जो तीस सेकंदांतून एकदा सुरू व्हायचा.

ज्यानं ती ओळ लिहिली त्याच्यावर माझा राग नाही. त्यालाही तेव्हा वेगाचीच काळजी असणार. पण तेव्हा रिव्ह्यूत कुणीतरी "बाकीच्यांसारखं लिही" म्हणायला हवं होतं, ते कुणी म्हणालं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

हिंजवडी_फेज_३
काकू, हे वाचून गप्प झालो. तीस सेकंदांच्या टायमरवर बचत करणं चूकच.

तरी ताईंचं ठिकाण सेकंदाला कोटभर वेळा चालतं, हा फरक राहतोच. संगणकशास्त्रज्ञ क्नूथ यांचं १९७४ मधलं वाक्य सगळे अर्धंच सांगतात. ९७ टक्के वेळा छोट्या बचती विसरा म्हणताना उरलेल्या ३ टक्क्यांतली संधी सोडू नका असंही त्यांनी तिथेच लिहिलंय. पॅकेट आत घेणारा लूप त्या ३ टक्क्यांत नसेल तर मग काय असेल?

पेठेतला_पंत
हिंजवडी, ते ३ टक्के कुठले हे ओळखायचं कसं, इथेच गाडी परत मोजण्यावर येते. शिवाय त्या लूपमध्ये पॅकेटचा डेटा पहिल्यांदा वाचताना एक कॅश मिस झाला की शंभरच्या वर सायकल जातात. एका तुलनेची एक. आधी त्या शंभराकडे बघावं असं माझं मत.

कर्नलच्या शैलीच्या दस्तऐवजात इनलाइनबद्दल (कॉलच्या जागी फंक्शनचा कोडच घालणं) हेच आहे. तीन ओळींहून मोठ्या फंक्शनला इनलाइन लावू नका, कोड फुगतो आणि कॅश भरते, वाचवलेला कॉल त्यातच जातो.

पाषाण_तळं
त्याच दस्तऐवजात आठ जागांचा टॅबही आहे. आमच्याकडे त्यावरून दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. २०२० मध्ये तपासणीच्या स्क्रिप्टनं ओळीची मर्यादा ८० वरून १०० केली, तेव्हा एकानं पेढे वाटले.

रिंगवाली
मंडळी, तीन दिवस गायब होते, माफ करा. आता सगळं सांगते.

@चकली, तुमच्या प्रश्नानं मला वाचवलं. आम्ही आकार दोनाच्या घातावर नेत नाही. आठाच्या पटीत नेतो. १००० ही आठाची पट आहे, म्हणजे ती तशीच स्वीकारली जाते. मग माझा मास्क होतो ९९९. कागदावर करून बघितलं: घरं शून्यापासून मोजतात, सात क्रमांकाच्या घरानंतर आठ, आणि आठाला ९९९ नं मास्क केलं की शून्य. माझा ड्रायव्हर पहिल्या आठ घरांतच घिरट्या घालत राहिला असता, कार्ड मात्र नवव्या घरात पॅकेट टाकून पुढे गेलेलं. काल प्रयोगशाळेत मुद्दाम करून पाहिलं, नेटवर्क तिथल्या तिथे बंद. डीफॉल्ट ५१२ असल्यामुळे माझ्या एकाही चाचणीत हे दिसलं नव्हतं.

@सिंहगड_पायवाट, तुम्ही सांगितलंत तसं आळीपाळीनं मोजलं, टर्बो बंद करून, वीस-वीस वेळा. १५०० बाइटच्या पॅकेटांवर काहीही फरक नाही. ६४ बाइटवर नवा किंचित पुढे, पण आता तो मला स्वतःलाच खात्रीनं सांगता येत नाही.

सीनियरांशी बसले. त्यांना १००० चं माहीत होतं का, असं विचारलं. म्हणाले, नेमकं हे नव्हतं माहीत. पण अकरा जण तुलना करतायत आणि एक जण करत नाही, तर त्या एकानं काहीतरी गृहीत धरलंय एवढं कळत होतं. त्यांना ते पॅच परत पाठवतानाच लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान्य केलं.

आता माझा मास्क बाजूला ठेवून बाराही ठिकाणची तुलना उचलून एका छोट्या फंक्शनमध्ये नेतेय. वागणूक तीच, फक्त जागा एक. उद्या कुणाला मास्कच हवा असेल तर आधी आकाराचा नियम बदलून मग त्या एका जागी करता येईल. हे करताना एक सापडलं: अकरांपैकी दोन ठिकाणी "इतका झाला का" ऐवजी "इतका किंवा जास्त झाला का" असं आहे. का, ते कळत नाहीये. कॉमिटच्या (त्या बदलाच्या नोंदीच्या) संदेशात नुसतं "दुरुस्ती" एवढंच लिहिलंय.

कॉमिट_करणारी_काकू
शाब्बास गं. ते दोन "किंवा जास्त" मात्र डोळे झाकून सारखे करू नकोस. क्रमांक कुठेतरी एकदम दोननं वाढतो का ते शोध. एका पॅकेटला दोन घरं लागणारी कार्डं असतात.

चकली_आणि_कॉफी
काकू म्हणतात तेच. तपासायचं असेल तर त्या जागी क्रमांक मर्यादेपुढे गेला की एकदाच इशारा छापणारी ओळ टाक आणि रात्रभर मोठी पॅकेटं सोड.

पंचिंग_कार्ड
आणि जे सापडेल ते या वेळी कॉमिटच्या संदेशात नीट लिही, बाळ.

रिंगवाली
लिहिते काका. ओळ टाकलीये, आत्ता चाचणी सुरू केली. सकाळी ऑफिसला पोचले की इथे कळवते.

हिंजवडी_फेज_३
ताई, एआरएमवरही (वेगळ्या जातीचा प्रोसेसर) चालवून बघायचं असेल तर माझ्याकडे घरी बोर्ड पडून आहे. शनिवारी कर्वे रोडला येणार आहे, घेऊन येतो.